जेम्सची मुभा आणि क्लिफर्डचे जहाज

क्लिफर्डने १८७७ मध्ये जहाजमालकाचा दृष्टान्त मांडला: जीर्ण जहाजाविषयीची शंका दडपून ते समुद्रात लोटणारा मालक, जहाज सुखरूप परतले तरी दोषीच. विल्यम जेम्सचे १८९६ चे उत्तर हे केवळ श्रद्धेचे मंडन होय, असे पुष्कळदा समजले जाते; ते यथार्थ नव्हे. पुराव्याने निर्णय अशक्य, आणि पर्याय जिवंत, अटळ व महत्त्वाचा असेल तेथेच जेम्स श्रद्धेला मुभा देतो. जहाजाची तपासणी शक्य होती. सबब तो दृष्टान्त त्याला बाधत नाही.

बाधते ते ‘जिवंत’ हे विशेषण. महदीवरील श्रद्धा आपल्या श्रोत्यांना निर्जीव, पण अरबाच्या मनाला संभवनीय वाटेल, हे जेम्सच सांगतो. जिवंतपण हा विधानाचा गुण नव्हे, हेही त्याला मान्य आहे. मग एकाच महदीविषयी एकाला श्रद्धेचा अधिकार आणि दुसऱ्याला नाही, असे म्हणावे लागते; आणि हा भेद पुराव्याने नव्हे, जन्मस्थानाने ठरतो.