ऐकणं आणि ऐकू येणं : 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'च्या निमित्ताने

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "रात्री डोकं शांत व्हावं म्हणून आम्ही सिंथेसायझरचं संगीत लावून ठेवतो. याला कला म्हणायचं की झोपेची गोळी?" प्रश्न चांगला आहे, आणि 'गोळी' हा शब्द तर फारच चांगला.

या प्रकाराला 'अँबियंट' हे नाव रूढ केलं ब्रायन एनोनं. त्याचा १९७८चा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आम्ही समोर ठेवतो, कारण नंतरचं बरंचसं त्यातच पाणी घालून केलेलं आहे. पण आधी कांट. 'क्रिटीक ऑफ जजमेंट'मध्ये (१७९०) तो मेजवानीत वाजणाऱ्या संगीताची दखल घेतो. ते कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. पाहुण्यांच्या गप्पा सुखानं चालाव्यात एवढंच त्याचं काम. म्हणून त्याची जागा सुखद कलांत, ललित कलांत नव्हे. पुढे कांट अशीही तक्रार करतो, की संगीत न विचारता शेजाऱ्याच्या घरात शिरतं, अत्तर लावलेल्या रुमालाच्या वासासारखं. (गणपतीच्या दहा दिवसांत आम्हाला कांटची फार आठवण येते!)

या हिशेबानं एनोलाही जेवणाच्या टेबलापाशीच बसवायला हवं. बसतो का तो तिथे?

त्यातला दुसरा तुकडा घ्या, '२/१' नावाचा. त्यात वाद्य नाही, शब्द नाहीत; फक्त माणसांचे लांबवलेले आवाज. प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या लांबीच्या वेटोळ्यावर. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सुमारे सव्वीस, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. वेटोळी एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे कोणता स्वर कोणाला कधी भेटेल, हे रचनाकारानंही क्षणाक्षणाला ठरवलेलं नाही. मध्येच दोन स्वर एकावर एक येतात, मग बराच वेळ काहीच नाही. आपण वाट पाहतो. समेची वाट पाहायची आपल्या कानांना सवय असते. इथे वाट पाहणं शिल्लक राहतं आणि सम येतच नाही.

कुणी म्हणेल, हा तर तंबोराच झाला. नाही हो. तंबोरा गाणाऱ्यासाठी जागा करून देतो. इथे गाणारा येणार नाही, आणि जागा मात्र केलेली आहे.

उलट शेवटचा '२/२' हा तुकडा. तो एआरपी २६०० या सिंथेसायझरवर वाजवलेला आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा. आमच्या मते चारांतला तोच फिका. सूर फुगतात, ओसरतात, कानाला गोड लागतात, बस्स. तिथे कांट जिंकतो.

एनोला ही कल्पना कोलोनच्या विमानतळावर सुचली. इमारत सुंदर, वाजत होतं ते मात्र अगदीच सुमार. रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या टिपणात त्यानं आपला वेगळेपणा सांगितला आहे : दुकानांत, कचेऱ्यांत वाजणारं डबाबंद संगीत शंका आणि अनिश्चितता पुसून टाकतं, आपलं संगीत त्या ठेवील. विमानात बसायला निघालेल्या माणसाच्या मनात मरणाचा विचार असतोच, तर संगीतानं तो नाकारू नये, असंही त्यानं नंतर बोलून दाखवलं आहे. आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता 'गाढ झोपेसाठी आठ तास' असं लिहिलेली रेकॉर्डिंग्ज ऐका. आवाज तेच, संथपणा तोच, पण ती शंका पार धुऊन काढलेली. एनो ज्याच्या विरोधात उभा होता, तेच त्याच्या आवाजात परत आलं. यंत्राला दोष देऊ नका, सिंथेसायझर बिचारा निरुपद्रवी आहे. अडचण आपल्या मागणीत आहे. आपण मागतो विसर आणि त्याला नाव देतो विश्रांती.

तर प्रश्नकर्त्यांना आमची विनंती अशी. गोळी घेताय तर खुशाल घ्या. पण एकदा दिवा चालू ठेवून, खुर्चीत ताठ बसून '२/१' ऐका. नऊ मिनिटांच्या आसपास आहे. चौथ्या-पाचव्या मिनिटाला अस्वस्थ वाटलं तर बंद करू नका, आणि नेमकं कशानं वाटलं ते पुढच्या वेळी येऊन सांगा.