रेट्रो स्वारगेट : फोटो जुना झाला, कल्पना जुनी झाली का?

आज पेपर नाही, एका चित्रप्रकाराची चिकित्सा करू. ‘रेट्रो सायन्स फिक्शन’ म्हणजे जुन्या काळाने रंगवलेलं भविष्य. फोटो एडिटिंगमध्ये त्याची एक ठरलेली रेसिपी आहे: शहराचा फोटो घ्या, आकाशात रॉकेट चिकटवा, वरून पिवळट रंग, थोडं ग्रेन, दोन-चार ओरखडे. स्वारगेट चौकाच्या फोटोवर मी ही रेसिपी पायरीपायरीने करून पाहिली. चित्र दिसतं झकास. पण त्याला एक साधा प्रश्न विचारला की ते गडबडतं: बाबा रे, तू नेमका कोणत्या सालचा?

आधी जुनेपणाच्या खुणा बघू. ग्रेन येतं फिल्मवरच्या चांदीच्या कणांमुळे. उभे ओरखडे पडतात ते चित्रपटाच्या रिळावर, प्रोजेक्टरमधून फिरताना. हाफटोनचे ठिपके छपाईचे. पिवळेपणा कागदाचा: लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनचं ऑक्सिडेशन होतं, म्हणून मासिकाचं पान कडांना जास्त पिवळं पडतं आणि मध्ये कमी. रेसिपी मात्र सगळीकडे एकसारखा पिवळा थर देते. म्हणजे एकाच चित्राला रीळ, छापील पान आणि फोटोप्रिंट अशा तिघांची दुखणी एकदम झालेली असतात. प्रत्येक लक्षण खरं आहे, पण असा रोगी अस्तित्वात नाही.

दुसरी अडचण कालक्रमाची. ह्यूगो गर्न्सबॅकचं ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू झालं १९२६ मध्ये. शेपटाला पंख असलेलं लांबट रॉकेट आठवण करून देतं ती व्ही-२ ची, म्हणजे १९४० च्या दशकाची. निऑन रेषांची जाळी ‘ट्रॉन’च्या (१९८२) जवळची. आणि खाली आपल्या फोटोत उड्डाणपूल, जो या शतकातला. ‘जुनं’ हे काही एक साल नाही. साल न ठरवता केलेलं रेट्रो चित्र म्हणजे व्हेरिएबल न ठरवता केलेला प्रयोग.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खऱ्या जुन्या विज्ञानकथांची गंमत त्यांनी काय बदललं यात नसते, काय बदलायचं त्यांना सुचलंच नाही यात असते. हाइनलाइनची माणसं अंतराळात जातात, पण हिशेब स्लाइड रूलवर करतात! आता हे आपल्याकडे लावून बघा. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. समजा त्या वर्षीच्या एखाद्या चित्रकाराने ‘२००० सालचं स्वारगेट’ काढलं असतं. बस उडाली असती, हे कबूल. पण त्या उडत्या बसमध्ये कंडक्टर असता, त्याच्या हातात तिकिटाची पेटी आणि पंच असता, टपावर ट्रंका आणि वळकट्या बांधलेल्या असत्या. रेसिपीच्या चित्रात यातलं काही नसतं. तिथे आजची गुळगुळीत कल्पना असते आणि तिच्यावर जुनेपणाचा मेकअप. फोटोचं वय वाढवलं, कल्पनेचं वाढवायचं राहिलं.

यासाठी परदेशी मासिकंच चाळायला हवीत असं नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. त्याच जागेत आज एफटीआयआय आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा वैकुंठाला जातात तो प्रसंग बघा. विज्ञानकथा नव्हे, पण अशक्य गोष्ट कॅमेऱ्यासमोर घडवायची तेव्हाची पद्धत तिथे दिसते. १९७० च्या दशकाचं चित्र करायचं असेल, तर नारळीकरांची ‘कृष्णविवर’ आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ती टोपणनावाने पाठवली होती. त्या दशकातल्या मराठी कल्पनेला कशाचं कुतूहल होतं, हे तिथून कळतं.

आता तुम्ही म्हणाल, गंमत म्हणून केलेल्या चित्राला एवढी परीक्षा कशाला? कारण चित्र फिरतं, तेव्हा ‘गंमत’ हा शब्द त्याच्यासोबत फिरत नाही. उडती बस कोणी खरी मानणार नाही. पण तीच रेसिपी रॉकेट न लावता वापरली, तर ‘१९५० चं स्वारगेट’ म्हणून खपेल असा खोटा पुरावा तयार होतो. शहराचा इतिहास शोधणाऱ्या उद्याच्या विद्यार्थ्याला तो नडणार. प्रयोगशाळेत हा प्रश्न आधीच आलाय. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकारलेल्या पेपरमधल्या प्रतिमा तपासायला सुरुवात केली. तिथला नियम सरळ आहे: उजेड-कॉन्ट्रास्ट बदलायचा तर पूर्ण प्रतिमेवर सारखा बदला, एखादा भाग उठावदार करायचा, लपवायचा किंवा नव्याने आणायचा नाही. कलेला हा नियम लागू नाही, मान्य. पण मूळ फाइल जपणं, लेयर वेगळे ठेवणं आणि ‘ही रचना आहे, अमुक साली केली’ हे चित्राच्या आतच लिहिणं, एवढं तर कलेलाही झेपतं.

तेव्हा करून बघायचं असेल तर क्रम उलटा करा. आधी साल ठरवा. मग माध्यम एकच निवडा: मासिकाचं मुखपृष्ठ, फोटोप्रिंट की सिनेमाची फ्रेम. मुखपृष्ठ निवडलंत तर हाफटोनमध्ये काळा ४५, निळा १५, किरमिजी ७५ आणि पिवळा ० अंशांवर ठेवा. कोन चुकले की नको ती नक्षी उमटते. मूळ फोटोत सावल्या कुठे पडल्यात ते बघून रॉकेटचा उजेड जुळवा. डिसेंबरच्या दुपारी पुण्यात सावली उत्तरेला पडते, मेच्या मध्याला भर दुपारी जवळजवळ पायाखालीच. सगळ्यात शेवटी, त्या सालच्या माणसाला काय सुचलं नसतं, त्याची यादी करा.

स्वारगेटपुरतं या यादीतलं एक उत्तर मी देऊन ठेवतो. रेसिपीतलं भविष्य नेहमी आकाशातून येतं. इथे मात्र २९ सप्टेंबर २०२४ ला ते जमिनीखालून आलं, भुयारी मेट्रोने.