पुनःप्रदर्शनाच्या लाटेत तालुका कुठे आहे?

12 डिसेंबर 2025 रोजी ‘शोले’ देशभरातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. या वेळी तो 4के दर्जाचा, 70 एमएमच्या रुंद चौकटीतला आणि सेन्सॉरने कापलेल्या मूळ शेवटासह होता. गेल्या काही वर्षांत जुन्या चित्रपटांच्या पुनःप्रदर्शनाची जी लाट उठली, तिच्यातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत गंभीरपणे केलेली कामगिरी. त्यामुळे या कलेचे आज काय चालले आहे हे तपासायला ‘शोले’इतके चांगले निमित्त नाही. पुनःप्रदर्शन ही कलाच आहे असे मी मानतो. कोणती प्रत शोधायची, तिला किती हात लावायचा, ती कुठल्या पडद्यावर आणि कोणासमोर दाखवायची, या प्रत्येक टप्प्यावर तिथे निवड आणि दृष्टी लागते. पहिल्या दोन टप्प्यांवर आपण बरीच मजल मारली आहे. तिसऱ्यावर मात्र घोडे अडले आहे, आणि ते किती अडले आहे हे कळवणसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिल्यावर नीट कळते.

आधी मोठ्या पडद्याचे तंत्र पाहू. 70 एमएम प्रतीवरची एक चौकट सुमारे 48 मिलिमीटर रुंद आणि 22 मिलिमीटर उंच असते. जुन्या साध्या 35 एमएम चौकटीच्या तुलनेत तिचे क्षेत्रफळ जवळपास तिप्पट भरते. त्याच पट्टीच्या कडांना चुंबकीय ध्वनीच्या सहा वाटा असतात. ‘शोले’ मुळात 35 एमएमवर चित्रित झाला आणि मग लंडनमध्ये त्याच्या 70 एमएम प्रती निघाल्या. कमी रुंद चौकटीतून अधिक रुंद चौकट काढायची म्हणजे वरचा आणि खालचा भाग कापला जाणार. म्हणून छायालेखक द्वारका दिवेचा यांना प्रत्येक दृश्य ती कापणी डोळ्यांपुढे ठेवून रचावे लागले. ठाकूरचे अंगण, रामगढचे खडक, आगगाडीवरचा हल्ला यांची आडवी भव्यता अशी आधीच मोजूनमापून आलेली आहे. 15 ऑगस्ट 1975 ला चित्रपट लागला, पण प्रीमियरच्या रात्री 70 एमएम प्रत कस्टम्समधून सुटली नव्हती, तेव्हा मान्यवरांना 35 एमएम प्रतीवर भागवावे लागले. नंतर मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. जयने उडवलेले नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघत, ही आठवण अजून सांगितली जाते. सहा वाटांचा ध्वनी काय करू शकतो, हे त्या एका नाण्यात आहे.

या चित्रपटाची एकही 70 एमएम प्रत उरली नाही आणि मूळ निगेटिव्ह फार खराब झाली होती, हे वाचून अस्वस्थ व्हायला होते. देशातला सर्वांत लोकप्रिय चित्रपट जपता आला नसेल, तर बाकीच्यांची काय कथा! फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर जवळपास तीन वर्षे काम केले. इंग्लंडमधल्या गोदामातले साहित्य आणि इथले साहित्य जुळवले, बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ते दुरुस्त झाले आणि जून 2025 मध्ये त्याच शहराच्या चौकात पहिला खेळ झाला. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला स्वतः संपवतो, तोही परत आला. दुरुस्ती म्हणजे कर्त्याच्या हेतूकडे परत जाणे, ही कसोटी इथे पाळली गेली.

ती कसोटी नेहमी पाळली जात नाही. 2004 मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगवून, आवाज नव्याने बसवून लावला गेला. त्यातून नवी पिढी चित्रपटगृहात आली हे खरे, पण के. आसिफ यांच्या मूळ चित्रपटातल्या कृष्णधवल आणि रंगीत भागांमधला फरक त्यात पुसला गेला. आधीच्या कृष्णधवल भागानंतर शीशमहलातले नृत्य एकदम रंगात उजळते, असा परिणाम 1960 च्या प्रेक्षकाला मिळाला होता. 2014 मध्ये ‘शोले’चाच थ्रीडी अवतार आला, त्याने मूळ छायाचित्रणाच्या खोलीत काही भर घातली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तर ‘रांझना’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून ती चित्रपटगृहांत लावली गेली आणि दिग्दर्शक आनंद एल. राय व नायक धनुष यांनी उघड विरोध केला. एकाच वर्षात एका चित्रपटाला त्याचा हिरावलेला शेवट परत मिळाला आणि दुसऱ्याचा शेवट हिरावला गेला. पहिल्याला जीर्णोद्धार म्हणावे, दुसऱ्याला मोडतोड. जुने नाव आणि मोठा पडदा असला की ते पुनःप्रदर्शन, अशी सरसकट मोजणी समीक्षकांनी तरी करू नये.

आता पोच. डिसेंबर 2024 मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीला त्यांचे 10 चित्रपट 40 शहरांतल्या 135 चित्रपटगृहांत, 100 रुपये तिकिटात दाखवले गेले. त्याआधी जून 2024 मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ नव्याने दुरुस्त होऊन सुमारे 50 शहरांत लागला. ‘मंथन’चे भांडवल गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभे केले होते, आणि 1976 मध्ये शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला आले होते. शेतकऱ्यांच्या पैशातून उभा राहिलेला चित्रपट अर्धशतकाने परत येतो आणि त्याची यादी शहरांपाशी थांबते, हे मला खटकते. या यादीतल्या प्रत्येकाचे काम मोलाचे आहे. तरीही ‘शहर’ हा शब्द तिथे सगळ्यांनी गृहीत धरलेला आहे.

कळवण हे गिरणाकाठचे, कांद्याच्या लिलावाचे आणि आदिवासी पाड्यांचे तालुक्याचे गाव. नाशिकचे मल्टिप्लेक्स इथून सुमारे 80 किलोमीटर. रात्रीचा खेळ पाहून परतायचे तर स्वतःची गाडी हवी, म्हणजे 100 रुपयांचे तिकीट प्रत्यक्षात कित्येक पटींनी महाग पडते. या भागाला चित्रपटाचे वावडे कधीच नव्हते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरात जन्मले, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी नाशिकलाच आपला कारखाना मांडला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांना फाळक्यांची उरलीसुरली रिळे मिळाली तीही त्यांच्या कुटुंबीयांकडून. जवळच्या मालेगावात शेख नासिर यांनी 2000 च्या सुमारास व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला, त्यात डाकूंना घोड्यांऐवजी सायकली होत्या. मिनर्व्हाचा सहा वाटांचा ध्वनी या प्रेक्षकाच्या वाट्याला आला नव्हता. साध्या 35 एमएम प्रतीवर, पुढे व्हिडिओच्या लहान पडद्यावर पाहूनही त्याने ‘शोले’ इतका आपला केला की स्वतःचाच उभा केला. चित्रपट अभिजात ठरवण्यात या प्रेक्षकाचा वाटा मोठा आहे, आणि पुनःप्रदर्शनाच्या हिशेबात तोच धरलेला नाही.

यात तंत्राचाही भाग आहे. 2005 नंतर मोफसलातली चित्रपटगृहे रिळांवरून थेट उपग्रहाने येणाऱ्या डिजिटल प्रतीवर गेली. पेट्या वाहण्याचा खर्च वाचला आणि नवा चित्रपट मुंबईच्याच दिवशी तालुक्यात लागू लागला, हा फार मोठा फायदा. मात्र ही ‘ई-सिनेमा’ यंत्रणा हॉलिवूडच्या डिजिटल मानकापेक्षा खालच्या दर्जाची होती. त्यामुळे 4के दुरुस्तीतले बारकावे लहान गावाच्या पडद्यावर पोचतीलच याची खात्री नाही. खऱ्या 70 एमएम प्रतीची गोष्ट तर दूरच. 2018 मध्ये ख्रिस्तोफर नोलन मुंबईत आले तेव्हा वडाळ्याच्या आयमॅक्समध्ये ‘डंकर्क’ फिल्मवर दाखवला गेला, तो अपवादच. आज आपल्याकडे ‘लार्ज फॉरमॅट’ म्हणजे बहुतेक वेळा मोठा पडदा आणि डिजिटल प्रोजेक्टर.

तरी मोठा पडदा ही महाराष्ट्राच्या खेड्याला नवी गोष्ट नाही. जत्रेच्या मैदानावर ट्रकमधून तंबू उतरे, प्रोजेक्टर ट्रकच्या पाठीवरच उभा राही, कनातीआड बाया-बापड्या जमिनीवर बसत आणि रीळ बदलताना चित्र थांबले की शिट्ट्या पडत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी हे फिरते तंबू वर्षानुवर्षे चित्रित करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. गंजणारे प्रोजेक्टर, न येणारी रिळे आणि शेवटी डिजिटलकडे वळणारा मालक, असा तो प्रवास आहे. जत्रा आणि चित्रपट यांची ही सांगड मोडली, तिथेच जुन्या चित्रपटांची ग्रामीण वाट बंद झाली.

मराठी अभिजात चित्रपटांचे चित्र त्याहून विरळ आहे. ‘पिंजरा’ 2016 मध्ये डिजिटल रूपात लागला, ‘सैराट’ मार्च 2025 मध्ये परत आला. 2003 च्या आगीत पुण्यात नायट्रेटवरची कित्येक जुनी रिळे जळाली, त्यांत प्रभात फिल्म कंपनीचाही ठेवा होता, म्हणून जे उरले त्याची जबाबदारी दुप्पट. केंद्राने 2022 मध्ये सुमारे 2200 चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी 363 कोटी रुपये जाहीर केले. हा जनतेचा पैसा आहे. ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ ठाकर समाजाच्या जगण्यावर उभा आहे. असा चित्रपट मोठ्या पडद्यावर, चांगल्या ध्वनीत, कळवण-सुरगाण्याच्या आदिवासी प्रेक्षकासमोर आला, तर त्याचा अर्थ शहरी महोत्सवापेक्षा वेगळा लागेल. मधाचे पोळे, डोंगर आणि देवऋषी ज्यांच्या ओळखीचे आहेत, ते लोक त्या चित्रपटाचे समीक्षकही होतील.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून दुरुस्त होणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाच्या करारातच तालुक्यातल्या खेळांची अट असावी. हवा भरून उभारता येणारी फिरती डिजिटल चित्रपटगृहे आज देशात आहेत, त्यांचा एक संच जिल्ह्याला द्यावा. सप्तशृंगगड कळवण तालुक्यातच आहे. चैत्रयात्रेला खानदेशातून पायी येणारा भाविक गडाखाली नांदुरीला विसावतो, तिथे चार रात्री ‘संत तुकाराम’ लावावा. प्रभातच्या या चित्रपटाला 1937 मध्ये व्हेनिसने गौरवले आणि मराठी माणसाने त्याच्या आधीच तो डोक्यावर घेतला होता. खासगी निर्मात्यांनाही यात तोटा नाही, कारण पुनःप्रदर्शनाचे अर्थकारण आठवणींवर चालते आणि आठवणींचा साठा तालुक्यात सर्वांत जास्त आहे.

दुरुस्तीच्या कलेत आपण जगाच्या बरोबरीला आलो आहोत. प्रदर्शनाच्या कलेत अजून निम्मे काम बाकी आहे. ते होईपर्यंत ‘देशभर प्रदर्शित’ हे शब्द जाहिरातीत वाचताना, तो देश कळवणच्या अलीकडेच कुठेतरी संपतो, हे समीक्षकाने नोंदवत राहिले पाहिजे.