‘हिंदू-तुर्क संवाद’: मधले भांडण

ऐक्याच्या कार्यक्रमांत संत एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’चा शेवट हमखास सांगितला जातो. दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले, टाळ्या पडल्या, झाले! त्याआधीचे कडाक्याचे भांडण मात्र वगळले जाते. सोळाव्या शतकातल्या या भारुडाचा जीव त्या भांडणातच आहे. तुर्क मूर्तिपूजेची टर उडवतो, देवांच्या कथांवर बोट ठेवतो. हिंदू विचारतो, ईश्वर सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का? कुर्बानीचे काय? कोणी कोणाची भीड ठेवत नाही.

वडनेर भोलजीत राहून उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या मला त्यातली भाषा अधिक मोलाची वाटते. तुर्क दखनी वळणाचे बोलतो, हिंदू मराठी. मध्ये दुभाषा नाही, तरी शब्दाला शब्द भिडतो. आपल्याकडे बाजारात रोज हेच चालते, फक्त विषय कांद्याच्या भावाचा असतो.

तरीही एक हरकत नोंदवली पाहिजे. तुर्काच्या तोंडचे शब्द नाथांचे आहेत आणि समेट होतो तोही नाथांच्याच भूमीवर. मुस्लिम घरात जन्मलेल्या माणसाचा स्वतःचा मराठी आवाज ऐकायचा तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांकडे जावे लागते. आपले अविंधपण न लपवता त्यांनी ‘योगसंग्राम’ ओवीत रचला आणि दोन्हीकडच्या कर्मकांडाला फटकारले. आपल्या व्यासपीठांवर त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ग्रंथ किती जणांनी उघडला, हे विचारायला मला संकोच वाटतो. मीही तो बी.एड. झाल्यावरच हाती घेतला.