चार किलोबाइटांचा डोंगर आणि लालबागचा देखावा

गणेशोत्सवातला हलता देखावा ही मुंबईच्या गिरणगावाची स्वतःची यंत्रकला. कॉटन ग्रीन स्टेशनाच्या पश्चिमेला उतरलं की काळाचौकी, अभ्युदयनगर आणि पुढे लालबाग. ज्यांचा दिवस मागाच्या चाकापट्ट्यांत जायचा त्यांच्याच वस्तीत भीमाची गदा मोटारीवर वरखाली होऊ लागली, यात नवल ते काय? मूर्तीमागे डोकावलं तर मोटार, पुली, पट्टा आणि मध्याऐवजी कडेजवळ भोक पाडलेली एक चकती. ती फिरली की टेकलेला दांडा उचलला जातो आणि त्याला बांधलेला हात हलतो. पळत्या दिव्यांसाठी लाकडी रूळ. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या आणि रूळ फिरवायचा. पट्टी ज्या तारेला शिवेल तो दिवा लागतो. कुठली पट्टी कुठे नि किती लांब, हे ठरवणं म्हणजे चक्क प्रोग्रॅमिंग. फक्त हातात हातोडी होती.

युरोपात हीच खोड पोरांना संगणकावर जडली. १९८२ साली आलेल्या कॉमोडोर ६४ वर खेळांची कुलपं फोडणारी टोळकी खेळ सुरू व्हायच्या आधी स्वतःचं नाव पडद्यावर नाचवू लागली. हळूहळू खेळ राहिला बाजूला आणि नाचच मुख्य झाला. त्यालाच डेमो म्हणतात. आधी चित्रित केलेली फीत लावायची नाही. यंत्राने त्या क्षणी हिशेब करून चित्र काढायचं आणि संगीतही वाजवायचं. फिनलंडच्या फ्युचर क्रूचा १९९३ मधला ‘सेकंड रिअॅलिटी’ त्यातला सर्वांत गाजलेला. मला मात्र २००९ चा ‘एलेव्हेटेड’ थक्क करतो. बर्फाळ डोंगररांगा, पाणी, ऊन, वरून फिरणारा कॅमेरा आणि संगीत, सगळं मिळून ४०९६ बाइट. तुम्ही वाचताय तो हा लेख संगणकात ठेवायला त्याच्या दुपटीहून जास्त जागा लागेल! डोंगराचं चित्र त्यात कुठेच नाही, उंचसखलपणा काढायचं सूत्र तेवढं आहे.

आपल्याकडे हे रुजलं नाही. डोकी कमी नव्हती, यंत्रं कमी होती. १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, पण ते तासापुरते. डेमो लिहायला रात्र लागते आणि यंत्र घरात लागतं. घराघरांत संगणक आला तेव्हा तो अभ्यासाचा आणि पुढे नोकरीचा म्हणून आला. त्याच्याशी खेळणं म्हणजे टाइमपास.

देखाव्याचं मात्र आपल्या हातात होतं आणि ते आपण घालवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर फिटर आणि वायरमन पांगले, आणि मंडपाची कामं कंत्राटावर जाऊ लागली. नितीन देसाईंसारख्या चित्रपटांच्या कलादिग्दर्शकाने लालबागच्या राजाची सजावट केली, गणेश गल्लीत देवळांच्या उंचच उंच प्रतिकृती उभ्या राहिल्या. त्या भव्य आहेत, कसबी आहेत, नाकारायचं कारण नाही. पण गल्लीतला पोरगा तिथे वर्गणी गोळा करतो आणि रांग सांभाळतो, चकतीला भोक पाडत नाही. आता एलईडीची भिंत आली. तिच्यावर पिक्सेल पळतात खरे, पण नियंत्रकातल्या कार्डावरच्या हालचाली बहुधा तयार आणलेल्या असतात. तोच मोर तीन मंडपांत पिसारा फुलवतो. याला मी देखावा म्हणणार नाही.

डेमोवाल्यांचंही सगळं आलबेल नाही. जर्मनीतल्या सारब्र्युकन शहरात दर ईस्टरला ‘रिव्हिजन’ हे डेमोंचं संमेलन भरतं. तिथले अनेकजण ऐंशी-नव्वदच्या दशकांतले, केस पिकलेले. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, हा मान मोठा; पण वारसा ठरणं म्हणजे वय झाल्याचा दाखलाही. तरीही ही मंडळी टिकतील असं मला वाटतं, कारण त्यांनी स्पर्धेत मर्यादा जपल्या. चार किलोबाइटांचा गट वेगळा, चौसष्टचा वेगळा, जुन्या यंत्रांचा वेगळा. पैसा ओतून ४०९६ चे ४०९७ होत नाहीत. यंत्राला सांगून प्रोग्रॅम लिहून घेण्याच्या आजच्या काळातही ती कुंपणं हलत नाहीत, आणि मत द्यायला समोर जाणकार प्रेक्षक बसलेला असतो.

आपल्या स्पर्धांत मात्र भव्यता आणि सामाजिक संदेश यांनाच वजन. शेजारच्या गल्लीने काय नवं जुळवलं ते चोरून बघून यायची चुरस त्यात उरत नाही. साहित्याची अडचण तर आता मुळीच नाही. लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत असा नियंत्रक मिळतो, जो त्या जुन्या कॉमोडोरला सहज मागे टाकेल. घरगुती मखरांत काही मुलं त्यावर स्वतः प्रोग्रॅम लिहून दिवे खेळवतातही. पण त्यांच्या कामाला गल्लीबाहेर कोण विचारतं?

राज्य सरकार पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीमार्फत गणेशोत्सव मंडळांची स्पर्धा घेतं. तिच्या आयोजकांना विनंती आहे: एक गट वाढवा. एकच मोटार किंवा एकच नियंत्रक, खर्चाला ठरलेली मर्यादा, आणि जोडणी असो वा प्रोग्रॅम, सगळं मंडळातल्याच पोरांचं. परीक्षकांनी मूर्तीपुढे हात जोडावेत आणि मग पडदा बाजूला करून मागे जावं. गुण तिथे द्यावेत.