तुंबाडचा पाऊस आणि निनावी संक्षेपकार

कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती निघते तेव्हा संक्षेप कुणी केला त्याचे नाव आतल्या पानावर छापलेले असते. वाचकाला तेवढा तरी आधार असतो; काही खटकले तर मूळ लेखकाला बोल लावण्याआधी तो क्षणभर थांबतो. चित्रपट इंटरनेटवरून आपल्या घरी येतो तेव्हा त्याचाही संक्षेप झालेला असतो, आणि तोही थोडाथोडका नव्हे. परंतु हा संक्षेपकार निनावीच राहतो आणि त्याच्या करणीचे माप दिग्दर्शकाच्या किंवा छायालेखकाच्या पदरात पडते. चित्रपटांवर लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनी या गृहस्थाची दखल घ्यायला हवी, असे मला वाटते.

आधी त्याची अडचण पाहू, म्हणजे त्याच्यावर अन्याय व्हायला नको. आजच्या सर्वसाधारण दूरचित्रवाणी संचावरील एका चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येकाला रंगाचे तीन आकडे, आणि अशी चोवीस चित्रे दर सेकंदाला. या हिशेबाने पावणेदोन तासांचा चित्रपट नऊशे गीगाबाइटांवर जातो. तो जसाच्या तसा घरी आणू म्हणणे म्हणजे मळणीसकट सारे शेत स्वयंपाकघरात आणण्यासारखे आहे. सेकंदाला पाच मेगाबिट या दराने पाठवला, तर तोच चित्रपट चार गीगाबाइटांच्या आत बसतो. म्हणजे दोनशेहून अधिक भागांतला एक भाग ठेवायचा आणि बाकीचे गेले हे कुणाला कळू द्यायचे नाही! हा चमत्कार आहे, यात शंका नाही. तो नसता तर तालुक्याच्या गावी बसून जगातले चित्रपट पाहण्याची सोय आपल्याला लाभली नसती.

चमत्कारामागची युक्ती मात्र साधी आहे. चित्राचे लहान चौकोन पाडायचे. चौकोन मागल्या चित्रातल्यासारखाच असेल तर ‘मागील पानावरून पुढे चालू’ एवढेच कळवायचे. सरकला असेल तर किती सरकला ते सांगायचे. उरेल त्यातला ढोबळ फरक राखायचा आणि बारीक फरक सोडून द्यायचा. ढोबळ आणि बारीक यांची फारकत करणारे गणित नासिर अहमद या बंगळूरच्या संशोधकाने टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. रंगांच्या बाबतीत तर आणखी काटकसर: उजेडाचे चार ठिपके राखले की रंगाचा एकच राखायचा. डोळ्याला उजेड नीट कळतो, रंगाची कड तितकी कळत नाही, हा त्यामागचा ठोकताळा. थोडक्यात, प्रेक्षकाचे लक्ष कुठे जाणार नाही याचा अंदाज बांधून तेवढे गाळणे हा संक्षेपकाराचा धंदा. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागची भिंत त्याने गाळली तर कुणाचे काही बिघडत नाही.

पण ‘तुंबाड’ घ्या. राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा हा चित्रपट हिंदी असला तरी त्याची माती आपली आहे, आणि त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे आपल्या ओळखीचे आहे. यात कथा आहे, लोभ आहे, सोहम शाह यांचा विनायक आहे. परंतु माझ्या मते यातले मुख्य पात्र पाऊस हे आहे. खराखुरा पाऊस मिळावा म्हणून या मंडळींनी अनेक पावसाळे चित्रण केले. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने तो पाऊस एखाद्या शापासारखा टिपला: न थांबणारा, वाड्याच्या भिंतीत मुरणारा, माणसांच्या अंगाला चिकटलेला.

आता हा पाऊस संक्षेपकाराच्या हाती द्या. पावसाचा थेंब मागल्या चित्रातल्या जागी कधीच नसतो, आणि सरकला म्हणावे तर लाखो थेंब सरकलेले! ‘मागील पानावरून पुढे चालू’ ही युक्ती तिथे चालत नाही. ठरलेला दर तर पाळायचा आहे. मग तो बारीक फरक सोडू लागतो, आणि पावसात बारीक फरकाखेरीज असते काय? धारांचा लगदा होतो, लगद्याचे चौकोन होतात, आणि शाप जाऊन नुसते गढूळपण उरते.

अंधाराची कथा याहून करुण. उजेडाच्या एकूण २५६ पायऱ्यांपैकी काळोख्या दृश्याच्या वाट्याला मोजक्याच येतात. कंदिलाचा उजेड भिंतीवर विरत जातो ते विरणे याच मोजक्या पायऱ्यांवर चालते. त्यातल्याही काही गाळल्या, की नकाशावरच्या उंचीच्या रेघांसारखे पट्टे भिंतीवर उमटतात. आजीच्या खोलीबाहेर आपण घाबरायचे असते ते न दिसणाऱ्या गोष्टीला. पट्टे दिसू लागले की भय संपले. देवीच्या गर्भातला तो लालभडक रंगही, रंगाच्या काटकसरीमुळे, कडांपाशी पिठाच्या पांढऱ्या रिंगणात फुटतो.

हे दुखणे एकट्या ‘तुंबाड’चे नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतला रात्रीच्या युद्धाचा भाग २०१९ साली आला तेव्हा काहीच दिसत नाही म्हणून प्रेक्षक संतापले. छायालेखक फेबियन वॅगनर यांनी दोषाचा वाटा या संक्षेपाकडेही दाखवला होता. मला त्यांचे म्हणणे पटते.

‘तुंबाड’ २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. घरी पाहिलेले लोक तिकीट काढून पुन्हा गेले. याची कारणे अनेक असतील; पण घरी आपल्याला सारांश मिळाला होता, हे त्यांच्या डोळ्यांनी ओळखले असावे, असे मानायला मी तयार आहे.

मग तोल साधायचा कसा? सर्वांना सारखे वाढणे हा पंगतीचा धर्म असेल, इथे तो अधर्म आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बहुधा हलत नाही, संक्षेपकाराला ती सुटीच. तिथे वाचलेले पावसाला द्यावे. प्रत्येक चित्रपटाची प्रकृती पाहून दर ठरवण्याची पद्धत नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये जाहीर केली, हे योग्यच झाले. २०१८ च्या एव्ही-१ पद्धतीत मात्र एक गंमत आहे. जुन्या फिल्मचा रवाळपणा आधी पुसायचा, आणि प्रेक्षकाच्या संचावर तसाच दिसणारा नवा रवा भुरभुरायचा! मोजमापाला हे चोख असेल. तरीही १९३६ च्या ‘संत तुकाराम’वर असा रवा पडलेला पाहताना, भाजणी न भाजता केलेली चकली खाल्ल्यासारखे मला वाटेल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. कितीतरी जुने मराठी चित्रपट आज इंटरनेटवर सहज सापडतात ते व्हीसीडीवरून चढवलेल्या प्रतींत. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे ते चित्र. एकदा तबकडीत बसवताना गाळलेले, चढवताना पुन्हा गाळलेले, आणि फोनवरून फोनवर जाताना आणखी. गाळलेले परत येत नाही. त्या प्रतीत नायिकेच्या चेहऱ्याचा मेणाचा गोळा झालेला असतो, आणि घरातली नातवंडे आजीला विचारतात, ‘तुमच्या वेळचे सिनेमे असेच धुरकट असायचे का गं?’