रायपूरच्या उजेडातली काच

हेल्मेटच्या दुकानात दर्शनी जागा ‘मर्क्युरी’ची. निळ्या-केशरी झाकेची, आरशासारखी चमकणारी ती काच नजरेच्या उंचीवर टांगलेली असते. शेजारी स्मोक, मग पिवळी. साधी ‘क्लिअर’ मागितली की ती आतल्या खोक्यातून येते. रायपुरात काय, नागपुरात काय, मांडणी हीच. मला हा क्रम मान्य नाही. दुचाकीस्वाराच्या सगळ्या सरंजामात कारागिरीचा कस लागतो तो या साध्या काचेत. रंगीत काचेत दोष झाकले जातात, हिच्यात झाकायला जागाच नाही.

तिची पारख अशी करावी. हात लांब करून काच समोर धरायची आणि तिच्यातून एखादी सरळ उभी रेषा बघायची: शटरची कड, विजेचा खांब, काहीही. मग काच सावकाश डावीकडून उजवीकडे सरकवायची. उत्तम काचेत खांब अगदी कडेपर्यंत ताठ राहतो. सुमार काचेत तो मध्येच कमरेत वाकतो, कडेला आला की लांबट होतो. दुकानात हे गमतीचं वाटतं. रस्त्यावर हाच खांब म्हणजे बाजूने येणारी रिक्षा असते, आणि तिचं अंतर डोळा चुकीचं मापतो. दिवसभर अशा काचेतून बघितलं की संध्याकाळी कपाळ ठणकतं, आणि दोष उन्हाला दिला जातो.

काच म्हणतो खरं, पण ती पॉलिकार्बोनेटची असते. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे बनवलं. सुमारे ३०० अंशांना वितळवून ते दाबाने साच्यात भरतात. जिथून ते साच्यात शिरतं तिथे, आणि कानाजवळच्या खाचांपाशी, ताण गोठून राहतो. हा ताण एरवी दिसत नाही, पण बघायची युक्ती आहे. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर काच धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काचेत इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात. चांगल्या काचेत ते कडेला, खाचांभोवती दाटतात आणि नजरेसमोरचा भाग शांत राहतो. घाईने थंड केलेल्या काचेत रंगांचा गोंधळ थेट मध्यापर्यंत येतो. हेल्मेटच्या आत पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांना हे पट्टे भर रस्त्यात दिसतात; त्यांनी साधा गॉगल घ्यावा.

आता या काचेचा हिशेब. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५८ च्या आसपास असल्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ५ टक्के प्रकाश परत फिरतो. पृष्ठभाग दोन. म्हणजे नवी कोरी, निर्मळ काचसुद्धा शंभरातले जेमतेम ९० भाग आत सोडते. रात्रीच्या स्वाराकडे उधळायला यापुढे काही उरत नाही. अतिनील किरण मात्र पॉलिकार्बोनेट स्वतःच जवळजवळ सगळे शोषून घेतं. ‘डोळे जपायला स्मोक घ्या’ हा दुकानी सल्ला त्यामुळे लंगडा पडतो. स्मोक दिपणं कमी करते. अतिनीलाची राखण क्लिअरही करते.

रायपूरचा उजेड समजून घ्यायचा तर जीई रोडवर, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोडवर, यावं. दुर्ग-भिलाईकडून टाटीबंधमार्गे शहरात शिरणारा हा रस्ता जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. तात्यापाऱ्यात राहून भिलाईला नोकरीला जाणाऱ्याचा सूर्य सकाळी पाठीशी असतो आणि संध्याकाळी परततानाही पाठीशीच. भिलाईत घर आणि रायपुरात ऑफिस असेल, तर दोन्ही वेळा तो थेट तोंडावर. रस्ता एक, तास तेच, आणि गरज पार निराळी. पहिल्याचं वर्षभर क्लिअरवर भागतं. दुसऱ्याला सावली हवीच, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकला की नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर सगळ्यांनाच ती हवीशी होते.

स्मोकचंही एक सौंदर्य आहे, ते नाकारू नये. उत्तम स्मोक निखळ राखाडी असते: उजेड कमी करते, रंग बदलत नाही. तिच्यातून सिग्नलचा लाल लालच दिसतो, पळसाचा केशरी केशरीच. हलकी स्मोक तपकिरी किंवा जांभळट झाक आणते आणि सगळं शहर आजारी दिसू लागतं. प्रश्न गडदपणाचा आहे. युरोपच्या आधीच्या ईसीई २२.०५ नियमात किमान ८० टक्के प्रकाश सोडणारी काच सर्वकाळ चालायची. ५० ते ८० टक्क्यांमधली असेल तर तिच्यावर ‘फक्त दिवसा’ अशी खूण लागायची. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, पण रस्त्याकडेला सुटी टांगलेली, कुठल्याही हेल्मेटला बसेल म्हणून मिळणारी गडद काच घेताना तिच्यातून किती प्रकाश येतो हे कोण विचारतं? आणि ती बसतेही तशीच. वरच्या रबराला फट राहते, वारा शिट्टी घालतो, पहिल्याच पावसात थेंब आतून ओघळतो. काच त्या हेल्मेटच्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची घ्यावी, याबाबत मी हट्टी आहे.

उन्हात आपोआप गडद होणारी फोटोक्रोमिक काच महाग आहे आणि कल्पना म्हणून देखणी आहे. रायपूरला ती पुरी पडत नाही, आणि कारण तिच्या रसायनातच आहे. अतिनील किरणांनी तिचे रेणू गडद होतात, तर उष्णता त्यांना पुन्हा फिके करते. म्हणजे जानेवारीच्या कोवळ्या उन्हात ती छान काळवंडते आणि मेच्या दुपारी, जेव्हा तिची खरी गरज असते, तेव्हाच कमी पडते.

पिवळी काच रात्रीसाठी खपवली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डिसेंबर-जानेवारीच्या धुरकट सकाळी तिच्यातून कडा उठून दिसल्यासारख्या वाटतात, तेवढं श्रेय तिला द्यावं. पण ती निळा प्रकाश गाळते, म्हणजे मुळातल्या उजेडातून आणखी वजाबाकीच करते. अमेरिकेत शेपेन्स आय रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पिवळ्या भिंगांचे चष्मे रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी तपासले. समोरच्या हेडलाइटच्या झोतात पादचारी ओळखायला त्यांचा काही उपयोग झाला नाही. मर्क्युरीबद्दल फार लिहायला नको. तिचा सगळा रस बघणाऱ्यासाठी आहे, घालणाऱ्यासाठी नाही.

रात्री डोळ्याची बाहुली दोन मिलिमीटरवरून सात-आठपर्यंत उघडते, आणि अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. टाटीबंधला एका ट्रकचा अप्पर डोळ्यात शिरला की ही कमाई क्षणात जाते. इथे काचेवरचे ओरखडे बोलू लागतात. सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांकडून येताना काचेवर बारीक, खरखरीत धूळ बसते. सिग्नलला थांबल्यावर गमछ्याच्या टोकाने ती वरून खाली पुसली की धूळ जाते आणि उभे बारीक ओरखडे राहतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून दिवा आला की उजेड ओरखड्याला काटकोनात पसरतो, आणि त्या दिव्याला दोन्ही बाजूंना आडव्या मिशा फुटतात. मिशांची दिशा बघून काच कशी पुसली गेली हे सांगता येतं. अशा मिशा दिसू लागल्या की काच बदलावी. काही शे रुपयांचा प्रश्न आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, धान पिकत आलं की, माहो येतात. आपण ज्यांना तुडतुडे म्हणतो त्यातलेच हे, हिरवे, तिळाएवढे. तिन्हीसांजेला दिव्यांभोवती त्यांचे थवे घोंगावतात. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातला कार्यक्रम लांबला की गडद काचवाले काच वर करून घराकडे निघतात आणि तेलीबांधा तलावापर्यंत डोळे चोळत बसतात. रात्रीसाठी क्लिअर काच हवी याचा याहून रोकडा पुरावा मला ठाऊक नाही. घरी आल्यावर काचेवर वाळलेले माहो नखाने खरवडू नयेत. ओलं सुती फडकं दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवावं, मग पाण्याच्या धारेखाली बोटाने अलगद काढावेत. पेट्रोल, थिनर, अमोनियाचा ग्लास क्लीनर यांचा थेंबही नको. पॉलिकार्बोनेटला त्यांनी केसासारख्या भेगा पडतात.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. पाणी बाहेरून येतं आणि श्वासाची वाफ आतून. म्हणून काच उघडण्याच्या यंत्रणेतली पहिली ‘टिक’ फार मोलाची: जेमतेम बोटभर फट, वारा आत, थेंब बाहेर. दुकानात हेल्मेट घालून ही टिक अंगठ्याने तीन-चारदा करून बघावी. काच तिथे ठाम राहिली पाहिजे, वाऱ्याने पुढे-मागे डुलता कामा नये. पिनलॉकची सोय असली तर उत्तमच. आतून एक पातळ पडदी, कडेने सिलिकोनची रेघ, मधे कोंडलेली हवा, आणि वाफ धरत नाही. ही पडदी मऊ असते, तिला कोरड्या कापडाने शिवूही नये.

या सगळ्यावर मला पटलेली रचना एकच आहे: बाहेर क्लिअर काच, आत सरकणारी छोटी स्मोक. दुकानात हिला ‘डबल व्हायझर’ म्हणतात. बेळगावच्या वेगाकडे ती आहे, फरिदाबादच्या स्टड्सकडेही. आतली काच खाली असताना पृष्ठभाग दोनाचे चार होतात, नाकाशी तिची कड थोडी टोचते, हे दोष खरे. पण अंधार हवा तेव्हा घ्यायचा आणि नको तेव्हा अंगठ्याने वर ढकलायचा, ही मुभा दुसऱ्या कुठल्याच काचेत नाही.

दिवाळीला मोटारसायकलने नागपूरला माहेरी-सासरी निघणाऱ्यांना ती लगेच उपयोगी पडते. दुपारी तीनला रायपूर सोडलं की राष्ट्रीय महामार्ग ५३ पश्चिमेला जातो आणि सूर्य तोंडावरच असतो. राजनांदगावला तो मावळतीला टेकलेला, बाघनदीला हद्द ओलांडेपर्यंत काळोख, आणि पुढे देवरी-साकोलीच्या जंगलपट्ट्यात दिवा फक्त आपला. डबल व्हायझर नसेल तर राजनांदगावच्या चहालाच काच बदलून घ्यावी: स्मोक मोज्यात घालून सॅकमध्ये, धुतलेली क्लिअर हेल्मेटला. बाघनदीपर्यंत हे काम लांबवलं तर कानाजवळच्या खाचा चाचपडत शोधाव्या लागतात, आणि घाईत ओढलेली काच तिथेच तडकते.